व्यवसायातील निर्णय आणि व्यवस्थापकीय लेखाशास्त्र

मागणी स्वीकारावी की नाकारावी, उत्पादन चालू ठेवावे की बंद करावे, वस्तू स्वतः बनवावी की बाहेरून घ्यावी, असे प्रश्न लहान कारखानदारापासून भारतीय रेल्वेपर्यंत सर्वांपुढे उभे राहतात. 'सरासरी खर्च' या एकाच आकड्यावर विसंबून त्यांची उत्तरे शोधली, तर किफायतशीर काम बंद पडते आणि तोट्याचे काम चालू राहते. निर्णयानुरूप खर्चाची मांडणी करण्यास शिकविणाऱ्या व्यवस्थापकीय लेखाशास्त्राचा भारतीय उदाहरणांच्या आधारे घेतलेला हा परामर्श.

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत भारतातील अनेक उद्योगांच्या किमती बाजारात ठरत नसत, तर त्या शासन ठरवीत असे. १९७० मध्ये स्थापन झालेली औद्योगिक परिव्यय व किंमत संस्था निरनिराळ्या उद्योगांच्या उत्पादनखर्चाचा अभ्यास करून शासनाला किमतीविषयी सल्ला देई. खतांच्या बाबतीत १९७७ पासून लागू झालेल्या धारण किंमत योजनेत प्रत्येक कारखान्याला त्याचा खर्च आणि त्यावर ठराविक परतावा मिळण्याची व्यवस्था होती. अशा परिस्थितीत खर्चाचा हिशेब प्रामुख्याने शासनाला दाखविण्यासाठी ठेवला जाई. खर्च वाढला तर किंमतही वाढवून मिळण्याची शक्यता असल्याने तो कमी करण्याची निकड फारशी नव्हती.

१९९१ नंतरच्या आर्थिक सुधारणांनी हे चित्र पालटले. परवाना पद्धती बहुतांश उद्योगांतून उठली, आयात खुली झाली आणि किंमत ठरविण्याचे सामर्थ्य उत्पादकाच्या हातून बाजाराकडे गेले. खत उद्योगातही युरियासाठी एप्रिल २००३ पासून कारखानानिहाय धारण किमतीऐवजी गटनिहाय पद्धती आली. किंमत आपल्या हाती नसेल, तर खर्च आणि पर्यायांची निवड एवढेच व्यवस्थापकाच्या हाती उरते. म्हणूनच खर्चाचा हिशेब हे निर्णयाचे साधन बनले.

वित्तीय लेखे आणि व्यवस्थापकीय लेखे

वित्तीय लेखाशास्त्राचा वाचक संस्थेबाहेरचा असतो. भागधारक, बँका, करखाते आणि नियामक यांना गेल्या वर्षी काय घडले हे कळावे, यासाठी नफातोटा पत्रक व ताळेबंद तयार केले जातात. त्यांचा नमुना कायद्याने आणि लेखा मानकांनी ठरवून दिलेला असतो. व्यवस्थापकीय लेखाशास्त्राचा वाचक मात्र संस्थेच्या आत, निर्णय घेण्याच्या जागी बसलेला असतो. त्याला पुढे काय करावे हे ठरवावयाचे असते. त्यामुळे येथे नमुन्याचे बंधन नसते. माहिती दिवसाची असो वा वर्षाची, एका यंत्राची असो वा संपूर्ण कारखान्याची, ती निर्णयाला उपयोगी पडली पाहिजे, एवढाच निकष असतो.

परिव्यय लेखाशास्त्र हा या दोहोंमधील दुवा होय. एखादी वस्तू वा सेवा तयार करण्यास किती खर्च आला, याची नोंद, विभागणी आणि विश्लेषण ते करते. परंतु 'किती खर्च आला' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जे. मॉरिस क्लार्क यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अप्रत्यक्ष खर्चांवरील ग्रंथात, वेगवेगळ्या हेतूंसाठी वेगवेगळे खर्च विचारात घ्यावे लागतात, असे प्रतिपादन केले होते. व्यवस्थापकीय लेखाशास्त्राचा पाया याच विचारावर उभा आहे.

निर्णयाच्या दृष्टीने खर्चाचे प्रकार

पुढील संकल्पना विद्यार्थ्यांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

१) स्थिर खर्च व बदलता खर्च : जागेचे भाडे, कायम कर्मचाऱ्यांचे वेतन, विम्याचे हप्ते हे खर्च उत्पादन कमी-अधिक झाले तरी ठराविक मर्यादेपर्यंत तेवढेच राहतात. कच्चा माल, नगावर दिली जाणारी मजुरी, वेष्टन हे खर्च उत्पादनाबरोबर वाढतात. काही खर्च दोन्हींचे मिश्रण असतात. कारखान्याच्या वीजबिलातील मागणी आकार स्थिर असतो, तर वापराचा आकार बदलता असतो.

२) अंशदान : विक्री किमतीतून बदलता खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम म्हणजे अंशदान. प्रथम ते स्थिर खर्च भागविते आणि त्यानंतर नफ्यात भर घालते.

३) ना-नफा-ना-तोटा बिंदू : एकूण अंशदान आणि एकूण स्थिर खर्च ज्या विक्रीवर समान होतात, तो हा बिंदू. स्थिर खर्चाला प्रति नग अंशदानाने भागले की तो मिळतो.

४) बुडीत खर्च : जो खर्च होऊन गेला आहे व कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो बुडीत खर्च. पुढील निर्णयात त्याला स्थान नसते.

५) वैकल्पिक खर्च : एक पर्याय निवडल्यामुळे दुसऱ्या सर्वोत्तम पर्यायाच्या ज्या लाभाला मुकावे लागते, तो वैकल्पिक खर्च. त्याची नोंद कोणत्याही खातेवहीत सापडत नाही, तरीही निर्णयासाठी तो खराखुरा खर्च असतो.

६) संबद्ध खर्च : समोरच्या पर्यायांपैकी कोणता निवडला यावरून जो भविष्यकालीन खर्च बदलतो, तोच त्या निर्णयाशी संबद्ध होय.

एक काल्पनिक उदाहरण

कोइंबतूर हे पंप व मोटार उद्योगाचे जुने केंद्र आहे. तेथील एक लहान कारखाना महिन्याला १,००० पंप बनवितो व विकतो, असे समजू. त्याची क्षमता १,४०० पंपांची आहे. त्याचा मासिक हिशेब पुढीलप्रमाणे आहे.

प्रति पंप विक्री किंमत : ६,००० रुपये
प्रति पंप बदलता खर्च : ४,००० रुपये
प्रति पंप अंशदान : २,००० रुपये
मासिक स्थिर खर्च : १५,००,००० रुपये
मासिक नफा : ५,००,००० रुपये
प्रति पंप सरासरी खर्च : ५,५०० रुपये

येथे ना-नफा-ना-तोटा बिंदू ७५० पंपांवर येतो. विक्री १,००० वरून ७५० पर्यंत, म्हणजे २५ टक्क्यांनी घटली तरी तोटा होणार नाही. या अंतराला सुरक्षिततेची सीमा म्हणतात. बँकेकडून कर्ज घेण्यापूर्वी उद्योजकाने हा आकडा पाहणे अगत्याचे असते, कारण कर्जावरील व्याज हा स्थिर खर्च असून तो या बिंदूला वर ढकलतो.

आता दुसऱ्या राज्यातील एक खरेदीदार ३०० पंप ५,००० रुपये दराने मागतो. पोहोचविण्याचा ६०,००० रुपयांचा खर्च कारखान्याने सोसावयाचा आहे. सरासरी खर्च ५,५०० रुपये असल्याने प्रत्येक पंपामागे, वाहतूक धरण्यापूर्वीच, ५०० रुपये तोटा दिसतो आणि मागणी नाकारावी असे वाटते. प्रत्यक्षात या मागणीमुळे कारखान्याचे भाडे वा पगार वाढणार नाहीत. वाढणारा खर्च म्हणजे बदलत्या खर्चाचे १२,००,००० रुपये आणि वाहतुकीचे ६०,००० रुपये. वाढणारे उत्पन्न १५,००,००० रुपये. म्हणजेच मागणी स्वीकारल्यास नफ्यात २,४०,००० रुपयांची भर पडते. या निर्णयापुरता एका पंपाचा खर्च ४,२०० रुपये आहे.

मात्र कारखाना आधीच १,४०० पंप ६,००० रुपये दराने विकत असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो. ३०० पंप या खरेदीदाराला देण्यासाठी नेहमीच्या ३०० ग्राहकांना परत पाठवावे लागेल आणि प्रत्येकी २,००० रुपयांचे अंशदान गमवावे लागेल. हा वैकल्पिक खर्च मिळविल्यावर एका पंपाचा खर्च ६,२०० रुपये होतो आणि ५,००० रुपयांची मागणी नाकारणेच शहाणपणाचे ठरते. पंप तोच, कारखाना तोच, परंतु खर्च ५,५००, ४,२०० की ६,२०० हे निर्णयाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

'तोट्यातील' उत्पादन बंद करावे काय?

तीन प्रकारची उत्पादने घेणारा दुसरा एक कारखाना घेऊ. त्याचा सामाईक स्थिर खर्च मजुरीच्या तासांच्या प्रमाणात तिन्ही उत्पादनांवर वाटला जातो. तिसऱ्या उत्पादनाची विक्री १० लाख रुपये, बदलता खर्च साडेसात लाख आणि वाट्याला आलेला स्थिर खर्च ४ लाख. कागदावर दीड लाखाचा तोटा दिसतो. ते बंद केले तर काय होईल? एका पर्यवेक्षकाचे वेतन आणि काही किरकोळ बाबी मिळून ५० हजार रुपये वाचतील. उरलेले साडेतीन लाख रुपये भाडे, व्याज व कार्यालयीन खर्चाच्या रूपाने तसेच राहतील. अडीच लाखांचे अंशदान मात्र जाईल. परिणामी कारखान्याचा नफा २ लाखांनी घटेल.

अनर्थ येथेच थांबत नाही. उरलेले साडेतीन लाख रुपये आता दोनच उत्पादनांवर वाटले जातात. त्यांतील एक उत्पादन पुढच्या तिमाहीत 'तोट्यात' जाते व तेही बंद करण्याचा विचार सुरू होतो. खर्चवाटपाच्या सूत्रातून निर्माण झालेला हा तोटा अखेर खरा होतो आणि कामगारांचा रोजगार त्यात जातो. म्हणूनच उत्पादन वा विभाग बंद करण्याच्या निर्णयात वाटून आलेला खर्च आणि टळणारा खर्च यांतील फरक तपासणे अत्यावश्यक आहे.

रेल्वेच्या प्रवासी वाहतुकीच्या चर्चेतही हा मुद्दा येतो. प्रवास खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, असा मजकूर रेल्वेने २०१६ मध्ये तिकिटांवर छापण्यास प्रारंभ केला. मात्र त्याच रुळांवरून, त्याच सिग्नलांवरून मालगाड्याही धावतात. सामाईक खर्चातील किती हिस्सा प्रवाशांचा व किती मालाचा, हे वाटपाच्या पद्धतीवर अवलंबून असते. भाडे किती असावे या प्रश्नासाठी असा आकडा उपयोगी पडतो. परंतु एखादी प्रवासी गाडी बंद केल्यास नेमके किती रुपये वाचतील, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

उपरिव्ययाची विभागणी अधिक वास्तव व्हावी यासाठी १९८० च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी कृती-आधारित परिव्यय पद्धती मांडली. यंत्राची मांडणी बदलणे, मालाची तपासणी, खरेदी आदेश काढणे अशा कृती खर्चाला कारण ठरतात. ज्या उत्पादनासाठी या कृती अधिक होतात, त्याच्यावर तो खर्च अधिक टाकावा, हे तिचे तत्त्व होय.

टंचाई कशाची आहे?

प्रत्येक व्यवसायात एखादा घटक अपुरा असतो. तो यंत्राचा वेळ असेल, कुशल कारागीर असेल किंवा खेळते भांडवल असेल. अशा वेळी प्रति नग अंशदान पाहून भागत नाही. त्या अपुऱ्या घटकाच्या प्रत्येक एककामागे किती अंशदान मिळते, हे पाहावे लागते. एका वस्तूचे अंशदान २,००० रुपये असून तिला यंत्राचे चार तास लागत असतील, आणि दुसरीचे १,५०० रुपये असून तिला दोनच तास लागत असतील, तर पहिलीपासून तासाला ५०० व दुसरीपासून ७५० रुपये मिळतात. यंत्राचा वेळ अपुरा असताना दुसरीलाच प्राधान्य द्यावयास हवे.

भारतीय रेल्वेचा २००४ नंतरचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २००१ मध्ये रेल्वेच्या आर्थिक स्थितीविषयी गंभीर इशारा दिला होता. २०००-०१ मध्ये परिचालन गुणोत्तर ९८.३ टक्के होते, म्हणजे १०० रुपये मिळविण्यासाठी ९८ रुपये ३० पैसे खर्च होत होते. रेल्वेचा बहुतांश खर्च रूळ, इंजिने, स्थानके व कर्मचारी यांवरील असून अल्पकाळात तो स्थिर असतो. वाघिणी आणि मार्गांची क्षमता हा तिचा अपुरा घटक होता. अशा स्थितीत प्रत्येक वाघिणीत अधिक माल भरण्यास परवानगी देण्यात आली आणि वाघीण एकदा भरल्यापासून पुन्हा भरण्यास लागणारा काळ सुमारे सात दिवसांवरून पाचपर्यंत आणण्यात आला. त्यामुळे त्याच वाघिणींतून अधिक वाहतूक होऊ लागली. २००३-०४ मध्ये सुमारे ५५ कोटी ७० लाख टन असलेली मालवाहतूक २००७-०८ मध्ये सुमारे ७९ कोटी ४० लाख टनांवर गेली. अर्थव्यवस्थेच्या तत्कालीन वाढीचाही त्यात वाटा होता. परिचालन गुणोत्तर २००७-०८ मध्ये ७५.९ टक्क्यांपर्यंत खाली आले.

आरोग्यक्षेत्रातही हेच तत्त्व दिसते. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे ११ खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात शल्यचिकित्सकाचा वेळ हा सर्वांत दुर्मिळ घटक मानला गेला. एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या टेबलावर दुसऱ्या रुग्णाची तयारी प्रशिक्षित परिचारिका पूर्ण करतात. त्यामुळे शल्यचिकित्सक, शस्त्रक्रियागृह व उपकरणे यांचा स्थिर खर्च अनेक पटींनी अधिक रुग्णांवर विभागला जातो. आयात केलेली कृत्रिम भिंगे महाग पडत असल्याने १९९२ मध्ये ऑरोलॅब स्थापन करून ती देशातच बनविण्याचा निर्णय घेण्यात आला. 'बनवावे की विकत घ्यावे' या निर्णयाचे हे उत्तम उदाहरण होय. मोठ्या संख्येने होणाऱ्या शस्त्रक्रियांमुळे भिंगांना खात्रीची मागणी होती, म्हणून उत्पादनाचा स्थिर खर्च पेलणे शक्य झाले. सशुल्क रुग्णांकडून मिळणाऱ्या अंशदानातून गरीब रुग्णांवर विनामूल्य वा अल्पदरात उपचार करता आले.

वीजखरेदी आणि बदलता खर्च

संबद्ध खर्चाच्या तत्त्वाचा देशव्यापी वापर वीजक्षेत्रात होतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाने जानेवारी २००० मध्ये उपलब्धता-आधारित वीजदराचा आदेश दिला आणि २००२-०३ पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात आला. त्यानुसार वीजकेंद्राला दोन भागांत मोबदला मिळतो. केंद्राची क्षमता उपलब्ध असल्याबद्दल क्षमता आकार आणि प्रत्यक्ष पुरविलेल्या विजेबद्दल ऊर्जा आकार. वितरण कंपनीने वीज घेतली नाही तरी क्षमता आकार द्यावाच लागतो.

समजा, एका वितरण कंपनीचे दोन केंद्रांशी करार आहेत. पहिल्या केंद्राचा क्षमता आकार प्रति युनिट अडीच रुपये व ऊर्जा आकार दोन रुपये, म्हणजे एकूण साडेचार रुपये. दुसऱ्याचा क्षमता आकार एक रुपया व ऊर्जा आकार तीन रुपये, म्हणजे एकूण चार रुपये. मागणी कमी असताना कोणाची वीज आधी घ्यावी? एकूण दर पाहता दुसरे केंद्र स्वस्त भासते. परंतु दोन्हींचा क्षमता आकार देणे बंधनकारक असल्याने प्रश्न दोन रुपये की तीन रुपये एवढाच उरतो. पहिले केंद्र बाजूला ठेवून दुसऱ्याकडून महिन्याला एक कोटी युनिट घेतल्यास एक कोटी रुपये विनाकारण खर्च होतील आणि ते शेवटी ग्राहकाच्या बिलात उतरतील. म्हणूनच केंद्रांचा क्रम बदलत्या खर्चाच्या चढत्या श्रेणीने लावला जातो. यालाच 'मेरिट ऑर्डर' म्हणतात. आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेली देशपातळीवरील किफायतशीर वीजप्रेषणाची व्यवस्थाही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

येथे एक महत्त्वाची बाब ध्यानी घ्यावी. वीजखरेदी करार करण्यापूर्वी क्षमता आकार टाळता येण्याजोगा असतो, म्हणून त्या वेळी तो पूर्णपणे संबद्ध आहे. सही झाल्यावर तो बांधील खर्च होतो. मागणीचा अंदाज चुकवून केलेल्या कराराचा भार न वापरलेल्या विजेच्या क्षमता आकाराच्या रूपाने वर्षानुवर्षे वाहावा लागतो. करार करताना संपूर्ण खर्च पाहावा आणि करारानंतर रोजची खरेदी करताना बदलता खर्च पाहावा, ही शिस्त दोन्ही टप्प्यांवर आवश्यक आहे.

शेती : कोणता खर्च धरावा?

किमान आधारभूत किमतीविषयीचा वाद हा मुळात खर्चाच्या व्याख्येचा वाद आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाच्या अनेक संकल्पना वापरतो. 'ए-२' या खर्चात बियाणे, खते, मजुरी, खंडाने घेतलेल्या जमिनीचे भाडे असे प्रत्यक्ष केलेले खर्च येतात. त्यात कुटुंबाच्या श्रमाचे अनुमानित मूल्य मिळविले की 'ए-२ अधिक एफएल' हा खर्च होतो. 'सी-२' मध्ये याशिवाय स्वतःच्या जमिनीचे अनुमानित भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज, म्हणजेच वैकल्पिक खर्चही येतो. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्ये, आधारभूत किंमत उत्पादनखर्चाच्या किमान ५० टक्के अधिक असावी, अशी शिफारस केली. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट आधारभूत किमतीचे धोरण जाहीर झाले, तेव्हा त्यासाठी 'ए-२ अधिक एफएल' हा पाया धरण्यात आला. शेतकरी संघटना 'सी-२' चा आग्रह धरतात.

धोरणाचा प्रश्न आणि शेतकऱ्याचा त्या दिवसाचा प्रश्न मात्र वेगवेगळे असतात. भाव कोसळल्यावर टोमॅटोचे पीक तोडणी न करता शेतातच सोडल्याचे चित्र देशाच्या अनेक भागांत दिसते. नांगरणी, रोपे, खते यांवरील पैसा तोवर बुडीत झालेला असतो. तोडणी, वाहतूक आणि बाजारातील खर्च भरून निघेल एवढाही भाव नसेल, तर माल बाजारात नेल्याने तोटा वाढतो. शेतकऱ्याची ती कृती उद्वेगातून आलेली भासली, तरी संबद्ध खर्चाच्या कसोटीवर ती सुसंगतच असते. पुढील हंगामात तेच पीक घ्यावे काय, या प्रश्नासाठी मात्र त्याला पुन्हा संपूर्ण खर्च विचारात घ्यावा लागेल.

नियोजन आणि नियंत्रण

निर्णय झाल्यावर त्याची अंमलबजावणी अपेक्षेप्रमाणे होत आहे काय, हे पाहण्यासाठी अंदाजपत्रकीय नियंत्रण आणि प्रमाण परिव्यय ही साधने वापरली जातात. पंपाच्या एका मोटारीस २ किलो तांब्याची तार ८०० रुपये दराने लागावी, असे प्रमाण असताना प्रत्यक्षात २.१ किलो तार ८६० रुपये दराने लागली, तर खर्च १,६०० ऐवजी १,८०६ रुपये होतो. २०६ रुपयांच्या या विचलनापैकी १२६ रुपये दरवाढीचे आणि ८० रुपये अधिक वापराचे आहेत. पहिल्याची विचारणा खरेदी विभागाकडे आणि दुसऱ्याची उत्पादन विभागाकडे करावयाची असते. कारणानुसार जबाबदारी निश्चित झाली, तरच सुधारणा संभवते.

मर्यादा

सीमांत खर्चाचे तत्त्व प्रभावी असले तरी त्याचा सरसकट वापर घातक ठरतो. प्रत्येक मागणी केवळ बदलत्या खर्चावर स्वीकारत गेल्यास स्थिर खर्च कोण भरणार, हा प्रश्न उरतो. सवलतीच्या दराची वार्ता नेहमीच्या ग्राहकांपर्यंत पोहोचली, तर मूळ किंमतही टिकत नाही. दीर्घकाळात सर्व खर्च बदलते असतात. यंत्र झिजते, जागेचा करार संपतो, कर्मचाऱ्यांचे वेतन वाढते. म्हणून दीर्घकालीन किंमत संपूर्ण खर्च भरून काढणारीच असावी लागते.

रेल्वेच्या अनुभवातून हेही दिसून येते. वाघिणींतील वाढीव भारामुळे रूळ, पूल व वाघिणींच्या झिजेविषयी चिंता व्यक्त झाली. अशी झीज त्या वर्षीच्या रोख खर्चात पूर्णतः दिसत नाही, तरीही ती त्या निर्णयाचाच खर्च असते. डिसेंबर २००९ मध्ये संसदेत मांडलेल्या श्वेतपत्रिकेत रेल्वेच्या आधीच्या वर्षांतील शिलकीच्या मांडणीविषयी प्रश्न उपस्थित करण्यात आले. सहाव्या वेतन आयोगाच्या अंमलबजावणीनंतर परिचालन गुणोत्तर २००८-०९ मध्ये ९०.५ आणि २००९-१० मध्ये ९५.३ टक्क्यांवर गेले. स्थिर मानलेला खर्च कायमचा स्थिर नसतो, हा यातील धडा होय.

संस्थात्मक चौकट

भारतात परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली व १९५९ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. २०१२ मध्ये तिचे नाव बदलून 'इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया' असे झाले. तिचे मुख्यालय कोलकाता येथे आहे. कंपनी कायद्यात १९६५ च्या दुरुस्तीने परिव्यय नोंदी व परिव्यय लेखापरीक्षणाच्या तरतुदी आल्या. सध्या कंपनी कायदा २०१३ चे कलम १४८ आणि २०१४ चे नियम लागू आहेत. विनिर्दिष्ट उद्योगांतील ज्या कंपन्यांची वार्षिक उलाढाल ३५ कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना नियमांतील अपवाद वगळता परिव्यय नोंदी ठेवाव्या लागतात. याचा अर्थ असा की, बहुसंख्य सूक्ष्म व लघु उद्योग या सक्तीबाहेर आहेत. त्यांच्याकडे असलेला हिशेब बहुधा कर भरण्यासाठी आणि बँकेसाठी तयार झालेला असतो. निर्णयासाठी लागणारी स्थिर व बदलत्या खर्चाची फोड त्यात नसते. वास्तविक एका वहीच्या पानावर मावणारी ही फोड जिल्हा उद्योग केंद्रांच्या व बँकांच्या उद्योजकता प्रशिक्षणात शिकविली जाणे सहज शक्य आहे.

समारोप

परीक्षेतील प्रश्न असो वा प्रत्यक्ष व्यवहार, खर्चाचा आकडा समोर आल्यावर चार गोष्टी तपासाव्यात. निर्णय नेमका कोणता आहे? पर्याय कोणते आहेत? त्या पर्यायांनुसार कोणता खर्च व कोणते उत्पन्न बदलते? आणि हा बदल किती काळापुरता आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की सूत्रांचा वापर सोपा होतो. बंद पडणारा कारखाना, वाढणारे वीजबिल आणि शेतात सडणारे पीक यांमागे अनेक कारणे असतात. त्यांपैकी खर्चाची चुकीची मांडणी हे कारण तरी अभ्यासाने दूर करता येण्यासारखे आहे. मर्यादित साधनसंपत्ती असलेल्या देशात ते दूर करणे हे उद्योजक, प्रशासक आणि धोरणकर्ते या सर्वांचेच कर्तव्य ठरते.